जरतरे यांचे दोन संसार

जरतरे यांचे दोन संसार आहेत. एक डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर. तिथे वहिनी असतात, रविवारी ठाण्याहून मुलगा-सून येतात, गिझर एक बादली पाणी तापवून दम टाकतो आणि माळ्यावर काय काय कोंबलेलं आहे हे आता कुणालाच आठवत नाही. दुसरा संसार विलेपार्ले पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे चोवीस तास पाणी असतं, शनिवारी रात्री दीनानाथला नाटक बघून परतताना रिक्षाची वाट बघावी लागत नाही, आणि घरातली बाई गाणं शिकलेली आहे. जरतरे बोलत असताना ती मधेच उठून कुकर बंद करायला जात नाही.

हा दुसरा संसार अस्तित्वात नाही, एवढीच काय ती अडचण. पण जरतरे तो नेटाने चालवतात. घरांच्या किमतींची पुरवणी आली की आधी पार्ल्याचा भाव बघतात आणि ‘वाढला आपला’ असं समाधानाने म्हणतात. 1929 पासून चालू असलेला पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना 2016 साली बंद झाला, तेव्हा ‘आता सकाळी उठल्यावर तो वास यायचा नाही’ म्हणून ते दोन दिवस खिन्न होते. हळहळ रास्तच. पण जरतरे यांनी तो वास घेतला तो बहुतेक वेळा गाडीच्या दारातून, अंधेरीला जाताना.

जरतरे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे, हे सांगायला नको. आमच्या सकाळच्या फास्टमधल्या ग्रुपने ते बारसं केलं. तसा प्रत्येक डब्यात एखादा जरतरे असतोच. कुणाचं मेडिकल दोन मार्कांनी हुकलेलं असतं, कुणाची ठाण्याला घोडबंदर रोडवर जमीन घ्यायची राहून गेलेली असते. हे सगळे चौथ्या सीटवरून आपापली न झालेली करोडपती आयुष्यं सांगत असतात. आमचे जरतरे त्यांच्यातले रसिक. पैशाच्या ‘जर’ला ते हात लावत नाहीत. पार्ल्याचा भाव बघतात तोसुद्धा सासरचं कौतुक म्हणून. त्यांचा ‘जर’ प्रेमाचा आहे.

तो असा. 1986 च्या मे महिन्यातला एक रविवार. पार्ल्याच्या एका मुलीला बघायला जायचं होतं, साडेचारची वेळ. फोटो आला होता, पत्रिका जमली होती. जरतरे इस्त्रीची पॅंट घालून 3:04 च्या फास्टसाठी निघाले. पुलाच्या पायऱ्या उतरत असतानाच गाडी प्लॅटफॉर्मला लागली. आणि पुढे चाललेल्या एका भाजीवालीची लिंबांची पाटी कलंडली. शे-दीडशे लिंबं टणाटणा उड्या मारत पायऱ्यांवरून निघाली. जरतरे यांचा पाय एका लिंबावर, दुसरा पाय दुसऱ्यावर, आणि स्वतः जरतरे तिसऱ्यावर बसले. बसल्या बसल्या त्यांनी 3:04 जाताना पाहिली. मग घरी परत, पॅंट बदलणं, रविवारच्या गाड्या, हाती लागलेली स्लो, दादरला पूल ओलांडून वेस्टर्नला. पार्ल्याला पोचले तेव्हा पावणेसहा झाले होते. दार उघडणाऱ्या गृहस्थांनी त्यांच्याकडे पाहिलं, आत पाहिलं, आणि ‘अरेच्चा, मग हे कोण?’ असं काहीसं पुटपुटले. आतून बशा-चमच्यांचे आवाज आणि एक हसू ऐकू आलं. दुसराच कुणी तरी जरतरे यांच्या वाटणीचे पोहे खात बसला होता. त्याचं जमलं.

मुलगी जरतरे यांनी पाहिलीच नाही. तीस-पस्तीस वर्षं ते ज्या बाईबरोबर पार्ल्याला राहताहेत, तिचं फक्त हसणं त्यांनी ऐकलं आहे, तेही भिंतीपलीकडून.

पुढे सहाच महिन्यांत त्यांचं लग्न झालं. मुलगी टिळकनगरची, जरतरे रामनगरचे. मुलगी बघायला जाताना गाडी पकडायची नव्हती, म्हणून ते लग्न चुकलं नाही, असं ते सांगतात. वहिनींसमोर सांगतात. वहिनी मटार सोलत असतात.

नोकरीनेही त्यांच्या स्वभावाला खतपाणी घातलं. फोर्टातल्या एका विमा कंपनीत ते क्लेम डिपार्टमेंटला होते. कुठलीही घटना पुढ्यात आली की ‘हे टळलं असतं का?’ हा प्रश्न विचारायचा त्यांना पगार मिळे. निवृत्तीनंतर पगार थांबला, प्रश्न चालू राहिला. मग वाचन वाढलं. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा त्यांना जवळजवळ पाठ आहे. 14 जानेवारी 1761 ला विश्वासरावांना लागलेली गोळी नुसती चाटून गेली असती तर काय झालं असतं, त्या निराळ्याच हिंदुस्थानात गंगाधरपंत जाऊन पोचतात. जरतरे ती कथा सांगताना गोळी लिंबाएवढी होते. मात्र त्याच कथेत गंगाधरपंत मुंबईत आपल्या मुलाच्या ऑफिसात चौकशीला जातात आणि त्या नावाचा कुणी माणूसच तिथे नसतो, हा भाग जरतरे गाळतात. पार्ल्याचा संसार खरा झाला तर ठाण्याचा मुलगा आणि त्याची चार वर्षांची पोरगी कुठे ठेवायची, याची व्यवस्था त्यांनी अजून लावलेली नाही.

कुठल्याशा रविवार पुरवणीत त्यांना ह्यू एव्हरेट सापडला. 1957 साली या अमेरिकन पोराने भौतिकशास्त्रात असं मांडलं, की अणूंच्या जगात जिथे दोन शक्यता असतात तिथे दोन्ही घडतात. फक्त जगाला फाटे फुटतात आणि एका फाट्यावरच्याला दुसरा दिसत नाही. ‘म्हणजे मी पार्ल्याला आहेच,’ जरतरे म्हणाले, ‘नुसता दिसत नाही.’ एव्हरेटच्या सिद्धांताकडे त्या काळी मोठ्या शास्त्रज्ञांनी फारसं लक्ष दिलं नाही. तोही विद्यापीठाच्या वाटेला न जाता संरक्षण खात्याच्या कामाला लागला. यावर जरतरे यांचा अभिप्राय: ‘त्यालाही नोकरी सुटली नाही बघा.’

पण त्यांचा खरा धर्मग्रंथ म्हणजे एक सिनेमा. 1998 चा, इंग्रजी, ‘स्लायडिंग डोअर्स’. पीटर हॉविट या नटाने तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. नायिका ग्विनेथ पॅल्ट्रो. लंडनमध्ये एका बाईची नोकरी जाते, ती घरी जायला भुयारी रेल्वेच्या स्टेशनात येते. जिन्यावर एक लहान मुलगी वाटेत असते. तेवढ्या खोळंब्यात गाडीची दारं बंद होतात, बाई मागे राहते. मग पिक्चर चार पावलं मागे जातो: या खेपेला आई मुलीला बाजूला ओढते, बाई सरकत्या दारांत हात घालून आत घुसते. इथून पुढे दोन्ही आयुष्यं आलटून पालटून दिसतात. गाडी मिळालेली बाई लवकर घरी पोचते, आपल्या मित्राला दुसरीबरोबर पकडते, घर सोडते, केस कापून सोनेरी करते आणि गाडीत भेटलेल्या जेम्सच्या प्रेमात पडते. गाडी चुकलेलीला काही कळत नाही. ती लांब केसांनीच सँडविचं पोचवण्याची आणि हॉटेलातली अशा दोन नोकऱ्या करत त्या नालायकाला पोसत राहते. केसांचा फरक ठेवला नसता तर आपल्यासारख्यांचा पार गोंधळ उडाला असता. ही सोय मला त्या सगळ्या सिनेमातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते.

केबलवर हा सिनेमा लागला की जरतरे सगळी बत्ती बंद करून बसतात. जिन्यावरची मुलगी दिसली की ‘लिंबं!’ असं ओरडतात. सोनेरी केस आले की खुर्चीत पुढे सरकतात, लांब केस आले की सुस्कारा सोडून टीपॉयवरचे दाणे खातात. सिनेमा नेमका रात्रीचा लागतो आणि साडेदहाला त्यांची मान पडते. नोकरीभर पहाटे उठून कल्याणपर्यंत उलटं जाऊन बसून येणाऱ्या माणसाचं शरीर निवृत्त होत नाही. त्यामुळे सिनेमाचा शेवट त्यांनी कधीच पाहिलेला नाही. तो गोड असणार याबद्दल त्यांना शंका नाही.

वहिनींनी शेवट पाहिला आहे. जेम्सच्या प्रेमात पडलेली, गाडी मिळालेली, सोनेरी केसांची बाई रस्त्यात गाडीखाली येते आणि हॉस्पिटलात मरते. गाडी चुकलेली जिन्यावरून पडून त्याच हॉस्पिटलात येते, जगते, त्या नालायकाला हाकलते आणि घरी निघताना लिफ्टमध्ये तिला कोण भेटतो, तर जेम्स. म्हणजे बाईला जो मिळायचा तो मिळतोच, फक्त गाडी चुकवून, पायी.

‘वहिनी, त्यांना सांगत का नाही?’ मी एकदा विचारलं.

‘कशाला? सांगितलं तर नवीन काही तरी शोधून काढतील,’ वहिनी म्हणाल्या. ‘ही तरी लंडनची आहे. लांब आहे.’

जरतरे यांच्या ज्ञानात भर घालावी म्हणून मी त्यांना सांगून पाहिलं, की लंडनच्या आधी पोलंडमध्ये हे झालं आहे. किश्लोव्स्की नावाच्या दिग्दर्शकाने 1981 मध्येच वॉर्सॉच्या गाडीमागे धावणारा एक तरुण दाखवला होता. गाडी मिळाली तर तो सत्ताधारी पक्षात जातो, गार्डाला धडकला तर विरोधकांत, आणि नुसतीच चुकली तर लग्न करून डॉक्टरकी करतो. तिथल्या सरकारने तो सिनेमा 1987 पर्यंत दाबून ठेवला. ‘तीन-तीन?’ जरतरे म्हणाले, ‘दोन चालवताना माझा जीव मेटाकुटीला येतो.’ तामिळमध्ये 2001 साली ‘ट्वेल्व्ह बी’ आला, त्यात लोकल नसून चेन्नईची बस आहे, हे ऐकून तर ते दुखावलेच. बस चुकणं त्यांच्या हिशेबात धरत नाही. बस कुठे वेळेवर असते?

त्यांचं एक शल्य मात्र मला कळतं. लंडनच्या गाडीला दारं होती. बंद झाली, निकाल लागला. आपल्या लोकलचं दार कधी बंदच होत नसे. सुटलेल्या गाडीमागे धावा, आतून चार हात बाहेर येतात, कुणी मनगट धरतं, कुणी बॅग, आणि ज्याला आपण कधी पाहिलेलं नाही असा माणूस ‘आत ये रे, आत ये’ म्हणत आपल्याला आयुष्याच्या या फाट्यावर ओढून घेतो. मुंबईत गाडी चुकायला खास नशीब लागतं. लिंबं लागतात. म्हणून 25 डिसेंबर 2017 ला बोरिवलीहून चर्चगेटला पहिली एसी लोकल धावली, तेव्हा जरतरे यांना इतिहास घडल्यासारखं वाटलं. आपोआप बंद होणारी दारं! ते मुद्दाम दादरला जाऊन प्लॅटफॉर्मवर उभे राहिले. दारं मिटत आली की धावत येणाऱ्यांवर त्यांची नजर. एक पाठीवर सॅक घेतलेला पोरगा हातभर अंतराने राहिला आणि काचेवर थाप मारून शिव्या देत मागे वळला. जरतरे यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘लग्न झालंय का?’ त्यांनी अतीव सहानुभूतीने विचारलं. पोरगा घाबरून पुलाकडे पळाला.

आता गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं, डोंबिवलीतच. मुहूर्त दुपारचा, सकाळी नाश्त्याला पोहे. जरतरे पोह्यांवरची लिंबाची फोड चिमटीत धरून बशीच्या काठाला ठेवतात. 1986 पासून त्यांनी लिंबू खाल्लेलं नाही. शेजारच्या खुर्चीवर साधारण त्यांच्याच वयाचे, मुलाकडचे एक गृहस्थ होते.

‘टाकू नका, मला द्या,’ ते म्हणाले. ‘मला लिंबू लाभतं. माझं लग्नच लिंबाने झालंय.’

जरतरे यांचा चमचा थांबला.

‘म्हणजे बघा,’ गृहस्थ फोड पिळत म्हणाले, ‘मुलगी बघायला चाललो होतो. पार्ल्याला. मी तेव्हा इथलाच, डोंबिवलीचा. पुलावर एक लिंबंवाली मधेच. गाडी तर लागलेली. मी म्हटलं काय व्हायचं ते होवो, तिला खांदा मारून पुढे गेलो. पाटी गेली खाली, मी गेलो गाडीत. मला वेळ दिली होती साडेपाचची, पोचलो सव्वाचारला. साडेचारचा कुणी दुसराच यायचा होता, तो काही आला नाही. त्यांनी मलाच साडेचारवाला समजून बसवलं. पोहे खाऊन होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही. सासऱ्यांना वेळ पाळणारा जावई हवा होता. झालं.’

हा प्रसंग कुणी पटकथेत घातला असता तर निर्मात्याने ‘फार होतंय’ म्हणून काट मारली असती. पण मी तिसऱ्या खुर्चीवर बसलो होतो.

‘म्हणजे तुम्ही!’ जरतरे उभे राहिले. ‘मागे मी होतो! मी त्या लिंबांवर बसलो!’

‘मागे होतात?’ गृहस्थांनाही आवाज चढला. ‘मग ओरडायचं नाही का हो? थांबवायचं नाही का मला? सदतीस वर्षं झाली मी हेच म्हणतोय, की तेव्हा कुणी तरी मागून शर्ट धरायला हवा होता!’

दोघे खाली बसले. मग बदलापूरकरांची (ते आता बदलापूरला राहतात, डोंबिवलीच्या पुढे सहा स्टेशनं) बाजू बाहेर आली. पार्ल्याचं घर सासऱ्यांचं होतं, ते पुढे मेहुण्यांच्या नावावर झालं. जावयाला दिवाळीचं आमंत्रण मिळतं. गाणं? गाणं बायकोच्या धाकट्या बहिणीचं. बायकोने शिवणाचा क्लास केलेला आहे. जरतरे यांच्या चेहऱ्यावरून पार्ल्याची एकेक खोली उतरत गेली. आधी बाल्कनी, मग दिवाणखाना.

‘आणि मी तुम्हाला सांगतो,’ बदलापूरकर खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, ‘ती गाडी चुकली असती ना, तर पुढच्या रविवारी मला दुसरं एक स्थळ बघायचं होतं. इथेच, टिळकनगरला. घराजवळचं, गाडीची कटकट नाही. शिक्षिका होती. फोटोत काय रुबाब होता हो तिचा! अजून कधी बायकोशी वाजलं की मी मनाने टिळकनगरला जाऊन येतो.’

टिळकनगरची, शिक्षिका, 1986. जरतरे काही बोलले नाहीत. हॉलच्या दुसऱ्या टोकाला वहिनी हिरवी पैठणी सांभाळत, अक्षतांची ताटं नीट मोजून घेत, आचाऱ्याच्या पोराला दटावत उभ्या होत्या. जरतरे यांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि आजवर फक्त पार्ल्याकडे बघत आले तसं पाहिलं.

‘तुमची गाडी मिळाली ते फार बरं झालं,’ ते बदलापूरकरांना म्हणाले, आणि खुर्ची अशी फिरवली की त्यांना हॉलची ती बाजू दिसू नये.

बायकांची ओळख व्हायची ती झालीच. बदलापूरच्या बाईंना साडेचारवाला मुलगा अजिबात आठवत नव्हता. त्या वर्षी अकरा जण येऊन गेले होते, दोघांचे तर चेहरेही एकत्र झालेत, त्या म्हणाल्या, आणि हसल्या. जरतरे यांनी ते हसू भिंत मध्ये नसताना प्रथमच ऐकलं. ‘जरा मोठंच आहे,’ ते मला नंतर म्हणाले.

पंधरा-वीस दिवसांनी मी सहज त्यांच्याकडे गेलो. जरतरे घरात नव्हते, हार्डवेअरच्या दुकानात गेले होते. वहिनींनी चहा टाकला.

‘पार्ला बंद पडलं का?’ मी विचारलं.

‘पार्ला केव्हाच विकलं,’ वहिनी म्हणाल्या. ‘आता नवीन सुरू झालंय. तो माणूस पुढच्या रविवारी आला असता तर तू त्याला हो म्हणाली असतीस का? रोज विचारतात. सकाळी उठल्यावर एकदा, रात्री एकदा.’

‘मग तुम्ही काय सांगता?’

‘सांगते, विचार करावा लागेल.’ वहिनींनी आलं किसून चहात टाकलं. ‘गिझर दुरुस्त झाला. माळा आवरला. बेसिनचा नळ तेवढा राहिलाय, तो झाला की बघू.’